अँटिव्हायरस बंद करायला लावणारे ‘ॲक्टिव्हेटर’

वापरलेला लॅपटॉप विकत घेताना काय पाहावे, याविषयी या सदरात लिहिल्यापासून जी पत्रे आली, त्यांतली निम्म्याहून अधिक एकाच दुखण्याची आहेत. संगणकावरचे विंडोज किंवा ऑफिस कुणीतरी ‘चालू करून’ दिलेले आहे, पावती नाही, परवाना नाही आणि आता काहीतरी बिघडले आहे. त्यांपैकी पाच पत्रे थोडी आटोपशीर करून येथे घेतली आहेत.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. सात-आठ महिन्यांपूर्वी नातवासाठी वापरलेला लॅपटॉप घेतला. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने पाचशे रुपयांत विंडोज आणि ऑफिस ‘मारून’ दिले व सगळे ओरिजिनल असल्याचे सांगितले. आता पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ अशी फिकट अक्षरे दिसू लागली आहेत. तो मुलगा म्हणतो, अँटिव्हायरस बंद करून मी दिलेली फाइल पुन्हा चालवा, अक्षरे जातील. काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : ती फाइल पुन्हा चालवू नये. ‘अँटिव्हायरस बंद करून’ या शब्दांत सगळी गोम आहे, पण त्याकडे पुढच्या पत्राच्या उत्तरात वळू. आधी आपल्या लॅपटॉपचे नेमके काय झाले ते पाहू.

ज्या कंपनीत किंवा विद्यापीठात शेकडो संगणक असतात, तिथे प्रत्येक यंत्रावर वेगळी किल्ली, म्हणजे परवान्याचा सांकेतिक क्रमांक, टंकत बसावे लागू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने ‘की मॅनेजमेंट सर्व्हिस’, थोडक्यात केएमएस, नावाची सोय ठेवलेली आहे. संस्थेच्या जाळ्यात तिचा स्वतःचा एक सर्व्हर असतो आणि बाकीचे संगणक त्याला विचारून आपली नोंद पक्की करून घेतात. किमान २५ संगणकांनी विचारणा केल्याशिवाय हा सर्व्हर विंडोजला होकार देत नाही, दिलेला होकार १८० दिवस टिकतो आणि दर सात दिवसांनी प्रत्येक संगणक तो वाढवून घेण्याचा प्रयत्न करतो. बाजारात फिरणारे बरेच ॲक्टिव्हेटर, म्हणजे परवान्याशिवाय विंडोज ‘चालू’ करून देणारी साधने, आपल्याच लॅपटॉपमध्ये असा एक खोटा सर्व्हर बसवतात; मग लॅपटॉप स्वतःच विचारतो आणि स्वतःच मान डोलावतो. आपल्याकडे बहुधा असे झाले असावे, की मधल्या काळात अँटिव्हायरसने ते साधन उचलून फेकले, मुदत वाढवणारे कुणी उरले नाही, १८० दिवस सरले आणि अक्षरे उमटली. आपल्या ‘सात-आठ महिन्यां’शी हा हिशेब जुळतो.

खात्री करायची असेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टम आणि त्यात ॲक्टिव्हेशन हे पान उघडावे (विंडोज १० मध्ये ते ‘अपडेट अँड सिक्युरिटी’खाली सापडेल). तिथे ‘आपल्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हरशी संपर्क होऊ शकत नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य दिसले, तर आपल्या घरातल्या लॅपटॉपची ‘संस्था’ कोणती, एवढेच त्या मुलाला विचारून पाहावे.

आता चांगली बातमी. विंडोज ८ च्या काळापासून नामांकित कंपन्यांचे जे लॅपटॉप विंडोजसह विकले गेले, त्यांपैकी बहुतेकांत मूळ परवान्याची किल्ली मदरबोर्डवरील चिपमध्येच साठवलेली असते. दुरुस्तीवाले सरसकट सगळ्या यंत्रांवर एकाच पेनड्राइव्हवरून ‘प्रो’ आवृत्ती चढवतात आणि लॅपटॉपसोबत आलेला ‘होम’चा अस्सल परवाना तसाच पडून राहतो. म्हणजे ज्याची किंमत पहिल्या मालकाने मोजलेली आहे, त्यासाठी आपण पाचशे रुपये देऊन चोरटी प्रत घेतलेली असते! तेव्हा कागदपत्रे आणि फोटो बाहेरच्या डिस्कवर काढून घ्यावेत (‘सेटअप’ म्हणून ठेवलेल्या फायली घेऊ नयेत), मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत संकेतस्थळावरून इन्स्टॉलेशनची फाइल उतरवावी, ती फुकट मिळते, आणि डिस्क पूर्ण पुसून लॅपटॉपसोबत मूळ आलेलीच आवृत्ती (‘होम’ असेल तर ‘होम’च) बसवावी. किल्ली चिपमध्ये असेल तर इंटरनेट जोडताच परवाना आपोआप ओळखला जातो. हे काम दुसऱ्या एखाद्या जाणकाराकडून करून घेतले तरी ‘ॲक्टिव्हेट करू नका, नुसते बसवा’ असे बजावून सांगावे.

ऑफिसचा परवाना मात्र असा चिपमध्ये सापडणार नाही. नातवाच्या शाळेच्या कामासाठी लिबरऑफिस पुरेसे आहे. ते विनामूल्य आहे, त्याचे मेनू मराठीत करता येतात आणि वर्डच्या फायली त्यात उघडतात, फक्त गुंतागुंतीच्या तक्त्यांची मांडणी कधी कधी सरकते. वर्डच हवे असेल तर ब्राउझरमध्ये चालणारी त्याची आवृत्ती मायक्रोसॉफ्टच्या साध्या खात्यावर फुकट वापरता येते. लॅपटॉप जुना असेल आणि विंडोज ११ घेत नसेल, तर मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी: विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. घरगुती वापरकर्त्यांसाठी सुरक्षा-दुरुस्त्यांची वाढीव मुदत १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्यापुढे लिनक्स मिंटसारखी प्रणाली बसवणे हा उत्तम मार्ग ठरतो. तिला किल्ली लागत नाही आणि मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड तिच्यात मिळतो.

प्रश्न : माझा एक मित्र गेली दहा वर्षे अशीच ॲक्टिव्हेटर फाइल वापरतो, त्याला कधीही त्रास झालेला नाही. अँटिव्हायरस ओरडतो हे खरे, परंतु जाणकारांच्या मते तो ‘फॉल्स पॉझिटिव्ह’, म्हणजे खोटा इशारा असतो. कंपन्या धंद्यासाठी भीती घालतात, असे नाही का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : ताकाला जाऊन भांडे लपवण्याचे कारण नाही, आपल्या मित्राइतकेच हे उत्तर आपल्यालाही लागू आहे. माझ्या स्वतःच्या पहिल्या असेंबल केलेल्या संगणकासोबत मार्करने किल्ली लिहिलेली सीडी आली होती आणि त्यात काही गैर आहे असे तेव्हा मलाही वाटले नव्हते.

आपल्या म्हणण्यात अर्धे तथ्य आहे आणि ते अर्धे तथ्यच घातक आहे. विंडोजसोबत येणारा अँटिव्हायरस, डिफेंडर, अशा साधनांना ‘हॅकटूल’ या वर्गात टाकतो. त्याचा अर्थ ‘हे साधन परवान्याचे कुलूप फोडते’ इतकाच होतो, प्रत्येक वेळी त्यात चोरी करणारा प्रोग्रॅम असतोच असे नाही. पण यामुळे वापरणाऱ्याला काय सवय लागते ते पाहावे. ‘हा ओरडणारच, दुर्लक्ष करा’ हे तो आधीच शिकून बसतो आणि लांडगा आला रे आला या गोष्टीतल्या गावकऱ्यांसारखी त्याची गत होते. ज्या दिवशी फाइलमध्ये खरोखर लांडगा असतो, त्या दिवशीही इशारा नेमका तसाच दिसतो. हल्लेखोरांना हे पक्के ठाऊक आहे. अशा फायली बऱ्याचदा पासवर्ड घातलेल्या झिपमध्ये असतात आणि तो पासवर्ड शेजारीच लिहिलेला असतो. तो गुप्ततेसाठी नसतो. तपासणी करणाऱ्या प्रोग्रॅमना आत डोकावता येऊ नये म्हणून असतो.

डिसेंबर २०२१ मध्ये रेड कॅनरी या सुरक्षा-कंपनीने असा एक प्रकार तपशीलवार मांडला होता. केएमएसपिको या प्रसिद्ध ॲक्टिव्हेटरच्या नावाने फिरणाऱ्या इन्स्टॉलरमधून क्रिप्टबॉट नावाचा माहिती चोरणारा प्रोग्रॅम संगणकात शिरत होता. त्यातली हुशारी अशी, की तो इन्स्टॉलर सोबत खरा केएमएसपिकोही बसवत असे. विंडोज खरोखर ॲक्टिव्हेट होई, वापरणारा समाधानाने खिडकी बंद करी आणि पाठीमागे ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, कुकी, क्रिप्टो-चलनाची पाकिटे गोळा होऊन निघून जात. ‘काम झाले म्हणजे फाइल चांगली’ हा आपल्याकडचा सर्रास निकष तिथेच कोलमडतो. पुढे २०२३ मध्ये गूगलने या क्रिप्टबॉटच्या वितरकांविरुद्ध अमेरिकेत दावा लावला, तेव्हा आदल्या वर्षभरात सुमारे ६ लाख ७० हजार संगणक त्याने बाधित झाल्याचे कंपनीने म्हटले होते.

‘त्रास झाला नाही’ याविषयीही थोडे सांगायला हवे. पूर्वीचा व्हायरस संगणक बिघडवून आपली हजेरी लावत असे. आजचा चोर यंत्र नीट चालू राहील याची काळजी घेतो, कारण चालू यंत्रातच त्याची कमाई असते. त्यातही कुकीची चोरी वाईट. आपण ईमेलमध्ये एकदा ओटीपी देऊन शिरलो की ब्राउझर एक खूणचिठ्ठी जपून ठेवतो आणि ती चिठ्ठी ज्याच्या हाती लागली त्याला पुष्कळदा ना पासवर्ड लागतो ना ओटीपी. मित्राचे खाते महिनाभराने परस्पर कुणी उघडले, तर त्याचा संबंध त्या फाइलशी जोडणे त्यालाही जमणार नाही.

असे साधन चालवताना आपण अनुक्रमे तीन गोष्टी करतो. पहारेकरी झोपवतो, अनोळखी माणसाला प्रशासकाचे सर्वाधिकार देतो आणि ‘या फोल्डरकडे पुन्हा पाहू नकोस’ अशी पहारेकऱ्याला कायमची ताकीद देतो. ही शेवटची ताकीद नंतर आपल्या लक्षातही राहत नाही, पण ती तशीच लागू असते, आणि त्या फोल्डरात पुढे कुणीही काहीही आणून ठेवू शकतो. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या म्हणतात, त्या देण्याची ही रीत. मित्राने निदान डिफेंडरच्या ‘एक्स्क्लूजन्स’ या यादीत काय काय लिहिलेले आहे, ते आज उघडून पाहावे.

प्रश्न : माझ्या मुलाने डिप्लोमाच्या प्रकल्पासाठी एका डिझाइन सॉफ्टवेअरचा क्रॅक (परवान्याचे कुलूप फोडलेली प्रत) उतरवून घेतला. त्यानंतर विंडोज अपडेटसारखी एक खिडकी आली आणि थोड्या वेळाने सगळे फोटो, प्रकल्प, माझ्या शिकवणीचे हिशेब यांच्या नावांना चार अनोळखी अक्षरे चिकटली. काहीच उघडत नाही. प्रत्येक फोल्डरात ‘रीडमी’ नावाची चिठ्ठी आहे. ९८० डॉलर मागितले आहेत, तीन दिवसांत दिल्यास ४९०. मुलगा रडतो आहे. पैसे भरावेत का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : पैसे भरू नयेत, ताई. आणि मुलाला फार बोलूही नये. त्याच्या वर्गातल्या कितीजणांनी तीच फाइल घेतली असेल, कुणास ठाऊक.

चिठ्ठीचे नाव, ९८० आणि ४९० हे आकडे, चार अक्षरे आणि अपडेटची खोटी खिडकी या खुणांवरून हा ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखला जाणारा खंडणीखोर प्रोग्रॅम दिसतो. मोठ्या कंपन्यांच्या वाटेला तो सहसा जात नाही; क्रॅक आणि किल्ल्या बनवणारे कीजेन यांच्या पोटात बसून तो विद्यार्थ्यांच्या आणि घरगुती संगणकांत शिरतो. म्हणूनच त्याची खंडणीही मध्यमवर्गीय घराला कर्ज काढून भरता येईल अशी बेतलेली असते. पैसे भरल्यावर किल्ली मिळेलच याची हमी कुणाकडेही नाही.

लॅपटॉपचे वायफाय तोडावे आणि पेनड्राइव्ह, बाहेरची डिस्क त्याला लावू नये. पुढची चौकशी दुसऱ्या संगणकावरून करावी, कारण हा प्रोग्रॅम बाधित यंत्रावर सुरक्षाविषयक संकेतस्थळे उघडू देत नाही. चिठ्ठीच्या शेवटी ‘पर्सनल आयडी’ म्हणून लांबलचक अक्षरमाला असते. तिचा शेवट लहान लिपीतल्या ‘टी’ने आणि त्यापुढच्या १ या आकड्याने होत असेल, तर काही आशा आहे. याचा अर्थ असा, की कुलूप घालताना प्रोग्रॅमचा त्याच्या मालकाशी संपर्क झाला नाही आणि त्याने सर्वांसाठी ठेवलेली सामाईक किल्ली वापरली. एम्सिसॉफ्ट या कंपनीने ऑक्टोबर २०१९ मध्ये या प्रोग्रॅमच्या १४८ प्रकारांसाठी विनामूल्य उलगडा-साधन प्रसिद्ध केले होते. नंतरच्या प्रकारांत मात्र ते फक्त सामाईक किल्ली सापडलेल्या ठिकाणीच चालते. शेवट तसा नसेल तर किल्ली तुमच्या यंत्रापुरती वेगळी आहे आणि ती तोडण्याचा दावा करून आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासूनही दूर राहावे.

बाधित फायली पुसू नयेत, एका डिस्कवर उचलून ठेवाव्यात. हा प्रोग्रॅम घाईत असतो आणि प्रत्येक फाइलचा सुरुवातीचा सुमारे दीडशे किलोबाइट भागच बिघडवतो. त्यामुळे हिशेबाची लहानशी फाइल पूर्ण जाते, परंतु मोठ्या व्हिडिओंमधला बराचसा भाग दुरुस्ती-साधनांनी परत मिळू शकतो. एरवी फोटो मोबाइलमध्ये, व्हॉट्सॲपवर किंवा ईमेलमध्ये शिल्लक आहेत का ते शोधावे. बहुतेक घरांत निम्मे तिथेच सापडतात. या खंडणीखोराबरोबर पासवर्ड चोरणारा प्रोग्रॅमही पुष्कळदा येतो, म्हणून ईमेल आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून आजच बदलावेत आणि सर्व ठिकाणचे चालू लॉगिन बंद करावेत. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवावी. खात्यातून पैसे गेल्याचे दिसले तर विलंब न करता १९३० या क्रमांकावर फोन करावा.

मनाला सर्वांत लागणारी गोष्ट अशी, की या क्रॅकची बहुधा गरजच नव्हती. ऑटोकॅडसारखी ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर पात्र विद्यार्थ्यांना वर्षभराच्या, पुन्हा वाढवता येणाऱ्या मुदतीने विनामूल्य मिळतात. त्यासाठी आपण विद्यार्थी असल्याचा पुरावा द्यावा लागतो. मुलाने कॉलेजच्या ओळखपत्रासह तिथे अर्ज करावा. तोवर फ्रीकॅड आणि ब्लेंडर ही विनामूल्य सॉफ्टवेअर आहेतच.

प्रश्न : इचलकरंजीत माझा छोटा छापखाना आहे. तीन संगणक आहेत आणि पेजमेकर, कोरलड्रॉ, मराठी फॉण्टचे सॉफ्टवेअर असे सगळेच क्रॅक केलेले आहे. एका परिचिताने नोटीस येऊ शकते असे सांगितल्यापासून झोप नाही. कायदा काय म्हणतो? सगळे विकत घेणे मला परवडणार नाही. (एक वाचक)

उत्तर : कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये संगणक-प्रोग्रॅम ही साहित्यकृतीच मानली आहे. त्यातील कलम ६३ ब नुसार, चोरटी प्रत आहे हे ठाऊक असून ती संगणकावर वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते कमाल तीन वर्षे कैद आणि किमान ५० हजार ते कमाल २ लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी किंवा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय विशेष कारणे नोंदवून कैद टाळू शकते व दंड ५० हजारांपर्यंत मर्यादित ठेवू शकते. आपल्या छापखान्याला ही सवलत लागू पडत नाही, कारण लग्नपत्रिकेचे पैसे आपण घेतो. याशिवाय २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या ६५ अ या कलमानुसार, हक्काचे उल्लंघन करण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप फोडणे हाही दोन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. डोंगल, म्हणजे परवान्याची खूण म्हणून संगणकाला लावावी लागणारी कळ, तोडून चालवलेल्या प्रती त्यात येतात. नोटीस हातात आलीच तर परस्पर उत्तर न देता वकिलाकडे जावे आणि घाबरून डिस्क पुसण्याची चूक करू नये.

परवडण्याचा प्रश्न खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. पण तिन्ही संगणकांवर सगळे लागते का, हे आधी पाहावे. बहुतेक छापखान्यांत एक ऑपरेटर मजकूर टंकतो, एक मांडणी करतो आणि तिसऱ्या संगणकावर बिले निघतात. टंकनासाठी युनिकोड आणि लिबरऑफिस घेतले की दोन संगणक त्याच आठवड्यात मोकळे होतात. मुक्ता, बलू, तिरो देवनागरी मराठी, नोटो हे फॉण्ट खुल्या परवान्याचे आहेत आणि व्यावसायिक छपाईत विनामूल्य वापरता येतात. पेजमेकरविषयी काय सांगावे! त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ सालची आहे, त्यामुळे त्याचा आता परवानाही विकत मिळत नाही आणि दुरुस्तीही. त्याच्या जागी स्क्रायबस हे पानांच्या मांडणीचे विनामूल्य सॉफ्टवेअर शिकून घ्यावे. त्याच्या १.६ मालिकेत देवनागरी जोडाक्षरे नीट जुळतात, ते छपाईच्या चार शाईंचे सीएमवायके रंग सांभाळते आणि छपाईसाठीचे पीडीएफ-एक्स देते. ऑपरेटरचे महिनाभर हात अडखळतील, म्हणून लग्नसराईच्या तोंडावर हा बदल करू नये, पावसाळ्यात करावा.

कोरलड्रॉची गोष्ट वेगळी आहे. ग्राहक कोरलची सीडीआर फाइल घेऊन येतात. ती इंकस्केप या विनामूल्य सॉफ्टवेअरमध्ये बऱ्यापैकी उघडते, पण फॉण्ट आणि इफेक्ट बदलतात, शिवाय सीएमवायकेमध्ये इंकस्केप कच्चे आहे. तेव्हा कोरलचा एक परवाना एका संगणकासाठी घ्यावा आणि तो खर्च धंद्याच्या हिशेबात धरावा, असे माझे मत आहे. मराठी फॉण्टच्या सॉफ्टवेअरचेही तसेच. जुन्या, युनिकोडपूर्व फायली पुन्हा छापण्यासाठी लागत असतील तर एक अस्सल प्रत ठेवावी आणि नवे काम युनिकोडमध्ये करावे. श्री-लिपीसारखे काम पुण्यातल्या माणसांनी केलेले आहे. त्याची डोंगल तोडलेली प्रत वापरताना ‘परदेशी कंपनीला काय फरक पडतो’ ही नेहमीची सबबही आपल्याला उरत नाही.

प्रश्न : ऑनलाइन तीन-चारशे रुपयांत विंडोजची ‘लाइफटाइम ओरिजिनल की’ मिळते. ती घेतली तर मी कायदेशीर झालो ना? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : बहुधा नाही. अशा किल्ल्या बऱ्याचदा एखाद्या संस्थेला तिच्या ठरावीक संगणकांसाठी दिलेल्या असतात आणि तिथून फुटून किरकोळीत विकल्या जातात. किल्ली चालली म्हणजे कुलूप उघडले इतकेच. घर आपले झाले असे नव्हे. मूळ संस्थेची किल्ली रद्द झाली की आपलेही विंडोज पुन्हा ‘ॲक्टिव्हेट करा’ म्हणू लागते आणि तोवर विक्रेत्याचे खाते बंद पडलेले असते. किमतीवरून शंका येत असेल तर मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरील किमतीशी ताडून पाहावे आणि विक्रेत्याकडे जीएसटी क्रमांक असलेले बिल मागावे. ‘बिल नाही, पण की शंभर टक्के चालेल’ असे उत्तर आले, तर पैसे पाठवू नयेत.